फवारा मारला का?

कृषी केंद्रात औषधाचा उग्र वास नाकात गेला की मला खामगावच्या बाजारातली ती सकाळ आठवते. थंडीचे दिवस होते, आई आणि मी पोत्यावर फुलकोबी मांडून बसलो होतो, गड्ड्यांवर अजून दंव होतं. नीटनेटकी साडी नेसलेली एक बाई आली, एक गड्डा उलटासुलटा करून म्हणाली, "मावशी, फवारा मारला का हो यावर?" आई म्हणाली, "हाव बाई, अळी पडली होती मनून एकडाव मारला. पन पंधरा दिवस थांबलो, मंगच तोडली." हात पोळल्यासारखा बाईने गड्डा टाकला. "म्हणजे विषच विकताय की!" असं म्हणत ती शेजारच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि त्यालाही तेच विचारलं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "एक थेंब नाही ताई, फक्त शेणखत." ती फुलकोबी त्याने पहाटे आमच्याकडूनच घेतली होती, आमच्याच वावरातली! मी ताडकन उठले. "अहो बाई, तो खोटं बोलून राह्यला, तो मालबी आमचाच हाय!" माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "स्वतःचा खपला नाही म्हणून असं जळू नये गं," आणि तीन गड्डे घेऊन गेली. व्यापारी हसला. मी आईवरच उखडले, "तू काऊन सांगतलं वं?" ती एवढंच म्हणाली, "तिनं इचारलं ना." आता बाजारात मी बसते. लोक विचारतात, मी सांगते, ते पुढच्या दुकानाकडे वळतात आणि माझं डोकं आजही तितकंच फिरतं. खरं ऐकायचंच नसेल, तर विचारता कशाला?