झेंडा नसलेली जाम नदी

पुलावर नुसतं उभं राहून नदी पाहणं बाईमाणसाला किती अवघड असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मी सौंसरला राहते. गोधड्या शिवते, पण पांघरायच्या नाही, भिंतीवर लावून पाहायच्या. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना समजावलं आहे की आता बोलायला सुरुवात करण्याआधीच दमायला होतं. ज्या टेलरकडून मी कातरणं आणते, तो प्रत्येक वेळी पिशवी भरता भरता तेच विचारतो, "म्हणजे हिवाळ्यात भिंतीले थंडी वाजते का काकू?" आणि स्वतःच हसतो. मीही हसते, कारण सुटिंगची करडी कातरणं त्याच्याएवढी चांगली सौंसरमध्ये दुसऱ्या कोणाकडे मिळत नाहीत.

करडी कातरणं मला खडकांसाठी हवी होती. पांढुर्णा आणि सावरगावच्या मधून वाहणारी जाम नदी मला करायची होती. पुराची नाही, तर उन्हाळ्याच्या तोंडची, पाणी एका कडेला सरकलेलं, खडक उघडे पडलेले आणि त्यांवर धुणी वाळत घातलेली. कापडातच कापड वाळत घालायचं, ही कल्पना मला फार आवडली होती. पण खडकांचा रंग सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा असतो. तो पाहायला मी बसने पांढुर्ण्याला जाऊ लागले आणि पुलाच्या कठड्याशी उभी राहू लागले.

पहिल्याच दिवशी एक मोटरसायकल थांबली.

"काकू, कोणाची वाट पाहून राहिल्या?"

"कोणाचीच नाही."

"मंग बस चुकली का? सोडून देऊ का स्टँडवर?"

नको म्हटलं तर तो गेला, पण दोनदा मागे वळून पाहत गेला. मग एका भाजीवालीने मला सावलीत यायला सांगितलं. मी गेले नाही, तेव्हा तिने मला ऊन लागल्याचं निदान केलं आणि तोंडावर मारायला पाणी आणून दिलं. त्यानंतरच्या खेपेला तर कोणीतरी सरळ सावरगावला माझ्या नणंदेच्या घरी जाऊन सांगितलं की तुमची भावजय केव्हाची पुलावरून खाली पाहत उभी आहे.

नणंद माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. ती कणकेच्या हातांनी जवळजवळ पळतच आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"घरी चाल."

"ताई, मी नदी पाहून राहिली."

"नदीत काय पाहाचं आहे? भांडण झालं का त्याच्यासंग?"

"नाही हो. गोधडीसाठी पाहून राहिली."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की आता तिची खात्रीच पटली असावी. तिथेच उभ्या उभ्या तिने माझ्या नवऱ्याला फोन लावला. तो नीट काही समजावून सांगेल, असं मला उगाच वाटलं होतं. फोनमधून त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "काही नाही झालं ताई. ते तशीच आहे." त्या दिवशी मला तिच्या घरी जेवावं लागलं आणि परतीच्या बसमध्ये ती मला स्वतः बसवून गेली. खडकांचा दुपारचा रंग राहिला तो राहिलाच.

तरी गोधडी पूर्ण झाली. चांगली झाली होती, मी खोटा विनय करत नाही. थोड्याच दिवसांत पांढुर्ण्याच्या एका मंगल कार्यालयात बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरलं आणि मी ती तिथे नेली. नवरा बरोबर होता. त्याने स्टुलावर चढून ती भिंतीवर लावली, सरळ लावली का म्हणून मला चारदा विचारलं आणि मग बहिणीला घेऊन येतो म्हणून सावरगावला निघून गेला.

पहिली बाई आली, तिने मान तिरपी केली.

"हे काय आहे?"

"जाम नदी."

"हो का? मंग झेंडा कुठी आहे?"

जाम नदी म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना एकच दिवस आठवतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात. मी म्हटलं, यात गोटमार नाही, ही साधी रोजची नदी आहे. ती बाई "असं का" म्हणाली आणि शेजारच्या टेबलावरच्या क्रोशाच्या तोरणांकडे वळली.

त्यानंतर जो आला त्याने झेंडाच मागितला. एक गृहस्थ म्हणाले, "दोन्हीकडून माणसं दाखवाले पायजे होते. दगड तर आहेतच तुमच्याजवळ." मी म्हटलं, "बाकीच्या दिवशीही नदी असतेच ना." ते मोठ्यांदा हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मग त्यांनी आपल्या बायकोला बोलावून मला तो विनोद पुन्हा सांगायला लावला.

माझं डोकं उठलं. मी चहा घ्यायला बाहेर गेले. परत आले तर माझ्या गोधडीपुढे ही गर्दी! लोक मोबाइल वर धरून फोटो काढत होते. क्षणभर ऊर भरून आला. गर्दीतून वाट काढत पुढे गेले तेव्हा दिसलं. नदीच्या मधोमध, पाण्यासाठी मी ज्या रेशमी साडीचा तुकडा जपून जपून कापला होता, त्याच्यावर पानांची एक डहाळी सेफ्टी पिनांनी टोचली होती आणि तिच्या टोकाला लाल कागदाचा झेंडा होता.

संयोजक बाई माझ्याकडे पाहून आनंदाने म्हणाल्या, "आता कसं वळखू येऊन राहिलं! पाहा किती लोकं जमले."

मला भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर मी लगेच तो झेंडा उपटला नाही. इतके लोक माझ्या कामापुढे कधीच थांबले नव्हते. मी तशीच उभी होते, तेवढ्यात नवरा नणंदेला घेऊन आला.

घरून निघाल्यापासून ती काहीतरी बोलतच आली असणार, कारण दारातूनच तिचा आवाज येत होता. गोधडीपुढे आली आणि तो बंद झाला. माझ्या नंदोयांचा, म्हणजे ताईंच्या नवऱ्याचा, एक डोळा त्याच नदीत गोटमारीत गेला आहे, लग्नानंतर थोड्याच वर्षांनी. कोणाचा दगड होता ते कोणालाच माहीत नाही. दर गोटमारीला त्यांच्या घराचं नदीकडचं दार सकाळपासून लावलेलं असतं.

नणंद पुढे झाली आणि एकेक पीन काढून आपल्या बांगडीत अडकवू लागली.

"अवो बाई, काय करून राहिल्या?" संयोजक बाई ओरडल्या.

"काढून राहिली."

"पण लोकं पाहून राहिले ना!"

"पाहू द्या. नदी आहे, पाहू द्या."

डहाळी तिने खाली टाकली नाही, खिडकीबाहेर नेऊन ठेवली. गर्दी पांगली. दोनच बायका मागे राहिल्या आणि खडकावरचं ते जांभळं कापड लुगडं आहे की चादर, यावरून त्यांचा वाद लागला. मी म्हटलं लुगडं. एक म्हणाली, मग मोठ्या खडकावर पसरायचं होतं, या खडकावर त्याचा पदर पाण्यात जाईल. दुसरी म्हणाली, जाऊ दे, पुन्हा धुईल ती. मला त्यांना सोडावंसं वाटेना. निघताना संयोजक बाईंनी मला प्रमाणपत्र दिलं आणि पुढच्या वर्षी गोटमारच करून आणायला बजावलं.

गोधडी घेऊन आम्ही पूल ओलांडून नणंदेकडे जेवायला गेलो. पुलावर नवरा थांबला, खाली पाहून म्हणाला, "पाणी तुह्या गोधडीत जास्त आहे."

नंदोयांनी गोधडी उलगडायला लावली. ती दाराजवळ उजेडात धरायला सांगितली आणि चांगला डोळा जवळ नेऊन ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेले. उजव्या काठाशी ते अडकले.

"वहिनी, हे पुलावरून पाहिलेलं आहे ना?"

"हो भाऊजी."

"मंग आमचं घर काहून नाही दिसत?"

मी सांगितलं, घर किनारीच्या पलीकडे येतं. चौकट तिथे संपते.

"मंग किनार सरकवा."

"अशी सरकत नाही भाऊजी. ती शिवलेली आहे. सगळी उसवावी लागते."

"उसवा मंग," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सौंसरला येऊन मी दोन दिवस चिडचिड केली. मग उजवी किनार उसवली. आतला कापूस बाहेर आला, टाक्यांच्या रेघा वाकड्या झाल्या, बोटाला सुई लागली. घराच्या भिंतीचा तो विटका निळा मला सौंसर आणि पांढुर्ण्यातल्या एकाही दुकानात सापडेना, तेव्हा मी नणंदेला फोन केला. तिने बसच्या कंडक्टरच्या हाती आपला जुना परकर पाठवून दिला. रंग अगदी बरोबर होता. मागोमाग तिचा फोन आला. भिंतीपुरताच काप, उरलेला परत पाठव, तो अजून वापरातला आहे.