चौथऱ्यावरचा जावई

राजधानी सोफियाहून स्वयंचलित यंत्रांची पदवी घेऊन गेर्गिना दुल्गेरोवा आपल्या गावी परतली, तेव्हा तिला वाटत होतं की आपल्याला एखाद्या संशोधनशाळेत नेमतील. नेमलं झाकणांच्या कारखान्यात. बरण्यांना लागणारी पत्र्याची झाकणं तिथे बनत आणि मालगाडीने सगळीच्या सगळी रशियाला जात. पहिली काही वर्षं गेर्गिनाने पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचे फ्यूज बदलण्यात काढली. मग पक्षाच्या अधिवेशनात ठरलं की देशाने आता रोबोटच्या युगात पाऊल टाकायचं, आणि ते पाऊल एका लाकडी खोक्यात बसून कारखान्याच्या दाराशी आलं.

खोक्यातून निघाला तो नुसता एक हात. नारिंगी रंगाचा, पुरुषभर उंचीचा, हवेच्या दाबावर चालणारा. प्रेसखालचा झाकणांचा ट्रे उचलायचा आणि शेजारच्या पट्ट्यावर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. आजवर ते दोच्का नावाची कामगार बाई आणि तिची मैत्रीण अशा दोघी करायच्या, तेही भावजयांच्या कागाळ्या सांगत. रोबोट सकाळी बरा चाले, पण दुपार झाली की ट्रे पट्ट्याच्या कडेवर आपटून झाकणं जमिनीवर सांडी. म्हणून दोच्का ट्रे सरळ करायला, मैत्रीण झाकणं वेचायला, एक माणूस लाल बटण दाबायला, एक वीजतंत्री आणि वर देखरेखीला गेर्गिना, असा बंदोबस्त झाला. दोघींचं काम आता रोबोट धरून सहा जण करू लागले. अहवालात स्वयंचलन वाढलं असं लिहिलं गेलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

बायकांनी त्याला ‘जावई’ म्हणायला सुरुवात केली.

“उठले का हो जावईबापू?” दोच्का रोज सकाळी विचारायची. “की अजून तेल लावून घेतायत?”

सगळे हसत. गेर्गिनाला मात्र ते हसणं जिव्हारी लागे. रोबोट सोफियाचा आणि तीही सोफियात शिकलेली. त्याची फजिती म्हणजे आपली फजिती, असं तिला वाटे. ती त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसू लागली. शेवटी तिला कारण सापडलं. प्रेसचा प्रत्येक ठोका जमीन हादरवत होता, आणि त्या हादऱ्याने रोबोटचा पाय केसाकेसाने सरकत होता. त्याला जमिनीपासून अलग असा खोल, सिमेंटचा पाया हवा होता.

ती डायरेक्टर ख्रिस्ताकिएवकडे गेली. हे गृहस्थ मूळचे गुरांचे डॉक्टर. पक्षाने त्यांना आधी दूधडेअरी दिली, मग वीटभट्टी आणि आता झाकणं. स्वभावाने माणूस भला.

“सिमेंट?” ते म्हणाले. “अहो दुल्गेरोवाबाई, रोबोटच्या खात्यात सिमेंट नाही. रोबोटच्या खात्यात रोबोट आहे.”

“मग सिमेंट कुठल्या खात्यात आहे?”

“स्मारकांच्या.”

गेर्गिना रात्रभर चिडून जागी राहिली आणि सकाळी अर्ज लिहायला बसली: समाजवादी स्वयंचलनाच्या कर्तृत्वासाठी चौथरा. मंजुरी इतक्या झटपट आली की डायरेक्टर घाबरले. सिमेंटच्या गोण्यांबरोबर संगमरवराची फरशी आली आणि एक शिल्पकारही आला. त्याने रोबोटभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, “यांचं तोंड कुठल्या बाजूला करायचं?”

चौथरा झाला. रोबोट त्यावर चढला आणि सकाळी जसा चालला तसाच संध्याकाळपर्यंत चालला. एक झाकण सांडलं नाही. गेर्गिना हातातली कॉफी गार होईपर्यंत नुसती बघत उभी राहिली. लग्नातसुद्धा तिला इतका आनंद झाला नव्हता, आणि लग्न तिने प्रेमाने केलं होतं.

“इंजिनियरबाई, हे काय करून ठेवलंत?” दोच्का म्हणाली. “आता आम्ही काय करायचं?”

“बसा की, दोच्काताई.”

“बसू? आख्खी पाळी?”

कामावरून कुणाला काढायची सोय नव्हती, तेव्हा त्या बसल्या आणि मोजे विणू लागल्या. पण ही बातमी वर गेली आणि वरून नवं, वाढीव उद्दिष्ट आलं. पत्रा मात्र पूर्वीइतकाच आला. अर्ध्या महिन्यातच तो संपला आणि सगळा कारखाना मोजे विणत बसला.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं याला नीट चालवायला?” ख्रिस्ताकिएवनी कपाळाला हात लावला. “अडखळत होता तेव्हा पत्रा पुरत होता. एकाच्याही पोटात दुखत नव्हतं.”

त्यातच सोफियाहून पाहणीपथक येत असल्याचा फोन आला. बरोब्बर पत्रा संपलेल्या आठवड्यात. डायरेक्टरांनी गेर्गिनाला बोलावून घेतलं. गोदामात रशियाला जायची झाकणं पडून होती. तीच रोबोटने उचलायची, पट्ट्यावर ठेवायची, आणि पडद्यामागून बायकांनी परत प्रेसखाली आणायची.

“मी नाही असलं खोटं करणार,” गेर्गिना म्हणाली.

“खोटं कुठाय त्यात? रोबोट ट्रे उचलणार की नाही? उचलणार. ठेवणार? ठेवणार. झाकणं नवी की जुनी, हे त्याला तरी कळतं का?”

यावर विज्ञानाच्या दृष्टीने काही उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पडद्याचं अंतर मोजलं आणि बायकांच्या फेऱ्या रोबोटच्या वेगाशी जुळवून दिल्या. एकदा हातात घेतलेलं काम वाईट करणं तिला जमत नव्हतं.

पडदा लाल होता आणि त्यावर घोषणा होती. पथकाचे प्रमुख रोबोटपुढे बराच वेळ उभे राहिले.

“इथे माणसं किती लागतात?”

“एकही नाही,” डायरेक्टर म्हणाले.

तेवढ्यात पडद्यामागे दोच्का शिंकली. ख्रिस्ताकिएवच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

“हवेच्या दाबाची झडप आहे, कॉम्रेड,” गेर्गिना म्हणाली. आपण हे बोललो यावर तिचाच विश्वास बसेना.

प्रमुखांनी मान डोलावली. दोच्का पुन्हा शिंकली.

“नियमित चालते,” ते कौतुकाने म्हणाले.

गेर्गिनाला पदक मिळालं, कारखान्याला सर्वोत्तम कारखान्याचा फिरता लाल झेंडा. झाकणांची मात्र दशा झाली होती. दिवसभर फिरून फिरून त्यांचा रंग खरवडला होता. रशियाच्या तपासनिसाने सगळा माल नाकारला, आणि नाकारलेला माल नियमाप्रमाणे गावच्या दुकानात आला. सप्टेंबर होता, घराघरांत मिरच्या भाजून बरण्या भरायचे दिवस. झाकणं बनवणाऱ्या या गावाने झाकणं दुकानात कधी पाहिली नव्हती; मावशी-आत्यांकडून जुनी मागून आणायची, ठोकून सरळ करायची, हीच रीत. दुकानापुढे रांग चौकापर्यंत गेली. गेर्गिनाही उभी होती. लोकांनी तिला ओळखलं आणि हाताला धरून पुढे नेलं. एका म्हातारीने तर तिचे गाल कुरवाळले.

“देव तुझं भलं करो, पोरी. अशीच प्रगती करत राहा.”

गेर्गिनाने झाकणं पिशवीत भरली. पदक घेताना तिला लाज वाटली होती. इथे वाटली नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं.

बक्षीस म्हणून दुसरा रोबोट आला. तोवर ती स्वयंचलन विभागाची प्रमुख झाली होती.

“याला चौथरा?” ख्रिस्ताकिएवनी जपून विचारलं.

गेर्गिनाने मोजे विणत बसलेल्या दोच्काकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “हा असाच जमिनीवर राहू दे.”

दोच्काने मोजे पिशवीत टाकले आणि खाली सांडणारी झाकणं वेचायला उठली. कारखान्यातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गेर्गिना मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत भाकरीचा तुकडा आणि चीज घेऊन पहिल्या रोबोटपाशी जाऊन बसे. पत्रा असला तर तो चाले, एकही चूक न करता, आणि ती खायचं विसरून त्याच्याकडे बघत राही.