हळूमास्तरांचं वाकडं पाऊल

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवता येते ती हळूमास्तरांमुळे, आणि उरलेल्या निम्म्यांना येत नाही तीही बहुधा त्यांच्यामुळेच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाऊल ठेवून मास्तरांनी उभा जन्म काढला. शिकाऊ माणूस गाडी खांबावर घालायला निघाला, की मास्तर खालून गुपचूप ब्रेक दाबत आणि वरून म्हणत, "छान! फक्त जरा हळू." घाबरलेल्याला चूक दाखवली की तो अधिक जोरात चुकतो, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे खांबाच्या वीतभर अलीकडे थांबलेला प्रत्येक जण, आपणच थांबलो, अशा रुबाबात घरी जाई.

मास्तर घरी जात तेव्हा मात्र दार स्वतःच उघडावं लागे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, धाकटी बहीण दूरच्या शहरात. त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते गाडीतच, आणि तेही आरशात बघून.

अशा माणसाला उडवावं कुणी? तर पाव पोचवणाऱ्या टेम्पोने, तोही मागे येताना! मास्तर बेकरीसमोर कडेला उभे होते. टेम्पोवाला फोनवर कुणाशी तरी भांडत होता, त्यामुळे मागे बघायला त्याला सवड नव्हती. मास्तर आडवे झाले आणि ओरडले. "आई गं" नव्हे, तर "आधी हँडब्रेक ओढा!" टेम्पोवाला इतका भांबावला की त्याने खरंच ओढला. म्हणून उजवा घोटाच मोडला, डावा पाय बचावला.

हाडांचे डॉक्टर निघाले मास्तरांचेच विद्यार्थी. लायसन्सच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा आपटलेले, आणि मास्तरांनी दरवेळी "छान" म्हणून उभे केलेले. त्यांनी मोठ्या प्रेमाने प्लास्टर घातलं. पुढच्या खेपेला दारातूनच विचारलं, "काय मास्तर, कसं वाटतंय?"

आत घोटा असा ठणकत होता की जणू कुणी करवत चालवतंय. पण समोर दमलेला तरुण माणूस, त्याच्यामागे पेशंटची रांग. मास्तरांचं तोंड सवयीने उघडलं. "छान!"

"वा!" डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. दुसरा एक्स-रे काढलाच नाही. आता दुखतंय हे सांगणं पेशंटचं काम, मान्य. पण आतलं हाड जागेवर आहे का, हेही पेशंटनेच बघायचं म्हटलं तर त्याने डोळे तरी कुठे लावावेत?

प्लास्टर निघालं तेव्हा पाऊल बाहेरच्या अंगाला फिरलेलं होतं. "सूज उतरली की येईल लायनीवर," डॉक्टर घाईघाईत म्हणाले. सूज उतरली, पाऊल काही लायनीवर आलं नाही. मास्तर निघत दाराकडे, पाऊल निघे खिडकीकडे. ब्रेक दाबायला जावं तर टाच निसटे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने त्यांना गाडीतून काढून खुर्चीत बसवलं, रस्त्यावरच्या खुणा शिकवायला. समोरची पोरं खुणांकडे सोडून आपापल्या फोनकडे बघत.

पण एक नवलही घडलं. डॉक्टर दर रविवारी मास्तरांकडे यायला लागले. म्हणायला पाय बघायला. प्रत्यक्षात पत्ते खेळायला. खेळत वाईट, लबाडी त्याहून वाईट करत, आणि पकडले गेले की खो खो हसत. त्या खोलीत दुसऱ्या माणसाचं हसू कित्येक वर्षांनी ऐकू येत होतं. मास्तर शनिवारीच चादर बदलत. डॉक्टर यायच्या आधीच खुर्चीत बसून पाय टेबलाखाली सारत, ते निघाले तरी उठत नसत.

"दादा, इथल्या डॉक्टरांना विचारलं मी," बहिणीने फोनवर तोफ डागली. "हाड चुकीचं जुळलंय. पुन्हा ऑपरेशन करून बसवता येतं, पण जितका उशीर तितकं अवघड. तुझ्या त्या लाडक्याला सांगितलंस?"

"सांगतो गं. बिचाऱ्याला वाईट वाटेल."

"आणि तू जन्मभर खेकड्यासारखा चाल!"

"रविवारी येतो तो. तेवढा एकच येतो."

 ती हळूच म्हणाली, "ते ठाऊक आहे मला. तरी सांग."

त्या रविवारी डॉक्टरांनी पत्ते पिसायला घेतले. मास्तर टेबलाला धरून उठले आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं. डॉक्टरांच्या हातातले पत्ते तसेच राहिले. मग ते जमिनीवर बसले, पाऊल मांडीवर घेतलं, घोटा दाबून पाहिला.

"दुखतं कधीपासून?"

"पहिल्यापासून. प्लास्टरमध्येही दुखत होतं."

"मग छान कसं म्हणालात, मास्तर?"

"माझी खोड ती. पण तुम्ही बघायला हवं होतं, डॉक्टर."

"हो," डॉक्टर म्हणाले. "बघायला हवं होतं." पाऊल अलगद खाली ठेवून त्यांनी पत्ते पुन्हा खोक्यात भरले. त्या दिवशी डाव झालाच नाही.

डॉक्टरांनी सगळं केलं. आपल्या गुरूंच्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरवलं, चूक माझी आहे असं त्यांच्यासमोर कबूल केलं, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एक्स-रे स्वतः पाहिले. घोटा सुधारला. मास्तर पुन्हा गाडीत बसले. फक्त रविवार रिकामे झाले. मास्तरांनी एकदा फोन केला, "अहो, पत्ते वाट बघतायत." डॉक्टर म्हणाले, "येतो मास्तर, नक्की येतो," आणि त्यांचा आवाज ऐकूनच मास्तरांना कळलं की हा माणूस आता माझ्या पायाकडे बघू शकणार नाही.

पुढच्या रविवारी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. "आला का रे तो?"

"कामं असतात त्याला."

"बरं, मला तरी चालून दाखव."

मास्तरांनी फोन फळीवर डब्याला टेकवून ठेवला आणि मोठ्या डौलात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले.

"दादा, पाय कुठायत? नुसतं टक्कल येतंय आणि जातंय!"

"थांब, खाली ठेवतो." त्यांनी फोन स्टुलावर ठेवला. "आता?"

"आता गुडघे. अजून खाली."

मास्तरांनी वाकून फोन जमिनीवर, भिंतीला लावून उभा केला. बहिणीला आता पावलं तेवढी दिसत होती. पावलं आली आणि गेली, आली आणि गेली. सरळ पडतायत हे तिने केव्हाच सांगून टाकलं होतं, तरी मास्तर चालतच होते, आणि तीही फोन ठेवत नव्हती.