स्वयंपाक्याच्या छातीतली कळ

पंपघरातल्या सकाळपाळीच्या ऑपरेटरला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते उगाच नव्हे. मोटार चालू करून बसून राहायची नोकरी, आणि या गृहस्थाला बसणं तेवढं जमत नसे. गेजचा काटा दहादा बघायचा, पुसलेली फरशी पुन्हा पुसायची. त्याच्या या चुळबुळीवर सात वर्षांपूर्वी दुपारपाळीच्या मौनीने औषध काढलं.

मौनी दिवसाकाठी चार शब्द बोलला तर बोलला. पण एकदा त्याने टेबलाच्या खणात वही ठेवली. पहिल्या पानावर एकच वाक्य: ‘सर्कशीतला स्वयंपाकी पहाटे पळून गेला.’ पुढचं भिंगरीने लिहायचं, त्यापुढचं मौनीने, रोज एकेक. गोष्टीबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हा नियमही न बोलताच ठरला. दोन वाजता किल्ल्या द्यायच्या, टाकीची पातळी सांगायची आणि चालू पडायचं. भिंगरी स्वयंपाक्याला मगरीच्या पाठीवर बसवी. मौनी त्याला अलगद काठावर उतरवून वर जेवूही घाली.

त्या सोमवारी मौनीचं वाक्य होतं: ‘चढ चढताना स्वयंपाक्याच्या छातीत कळ आली, पण घरी सांगायचा धीर होईना.’ मंगळवारी सकाळी ते वाचून भिंगरी खूश! सात वर्षांत पहिल्यांदा मौनीने गड्याला अडचणीत टाकलं होतं. त्याने ऐटीत लिहिलं: ‘हात्तिच्या, नुसता गॅस होता; ढेकर आला आणि स्वारी टुणटुणीत.’

शुक्रवारी दोन वाजले, अडीच वाजले, मौनीचा पत्ता नाही. फाटकापर्यंत भिंगरीच्या वीस फेऱ्या झाल्या. मग साहेबांचा फोन आला: मौनीला हार्ट अटॅक आलाय, दवाखान्यात नेलंय, बदली माणूस पाठवतो, तोवर जागा सोडू नकोस.

भिंगरीने वही उघडली. सोमवारचं वाक्य वाचलं, मग त्याखालचं आपलं वाचलं. बसला, उठला, मोटारीभोवती फिरला. स्वतःला शिव्या घालून झाल्या, तरी घड्याळ पुढे सरकेना. मौनी जगू दे, एवढंच त्याला हवं होतं. बदली माणूस चारला आला, तेव्हा त्याने किल्ल्या जवळजवळ फेकल्याच.

दवाखान्यात वहिनी दाराशीच होत्या. “शुद्धीवर आहेत, भावोजी. पाचच मिनिटं हं.”

भिंगरी खाटेशी गेला आणि सात वर्षांचा नियम मोडला. “अरे, तुझ्याच छातीत दुखत होतं ना? तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला?”

“सांगणार होतो,” मौनी हळूच म्हणाला. “सोमवारीच डॉक्टरची बुधवारची वेळसुद्धा घेतली होती.”

“मग?”

“मंगळवारी तुझं वाक्य वाचलं. म्हटलं, हा म्हणतोय तर गॅसच असेल. इतकं हलकं वाटलं बघ! मग गेलोच नाही.”

त्याच्या आवाजात तक्रार औषधालाही नव्हती. तो भिंगरीचे आभार मानत होता.