बंद खोलीचं भाडं

कुंभकोणात आमची जागा म्हणजे आतली एक खोली, स्वैपाकाची एक आणि मागं ओटा. भाडं महिना दीड रुपया. मी पितळी भांड्यांच्या दुकानात तराजूवर होतो, तेवढं झेपायचं.

बायको गेली ती आतल्या खोलीत, आणि धनिष्ठा नक्षत्रावर. नक्षत्र वाईट. असं मरण झालं की जागा सहा महिने बंद ठेवायची, आत पाऊल टाकायचं नाही. आम्हां मराठ्यांत हा रिवाज, तमिळांतही. तेरावा झाला तसा घरमालक अय्यर आला. तमिळ लोक आम्हां मराठ्यांना रायर म्हणत, तशीच हाक मारून उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "रायरे, दोन्ही खोल्या सोडा. भाडं मात्र चालू ठेवा. ही जागा आता दुसरं कोण घेणार?"

"म्हणजे राहायचं दुसरीकडं आणि पैसे इथं?"

"नक्षत्र काय मी ठरवलं?"

"भाडं तर तुम्हीच ठरवलंत."

त्याला हसू आलं नाही. मला तरी कुठं आलं होतं.

पार शेजारच्या साक्कोट्टै गावापर्यंत घरं बघितली. एकट्या पुरुषाला कोण देतो? एका बाईनं दारातूनच विचारलं, "अंगण सारवणार कोण?" मी म्हटलं, मीच. तिनं दार लावलं.

परत येऊन अय्यरला सांगितलं, आतली खोली बंद करा, मी चुलीपाशी राहतो. त्यानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "बरं. तेवढीचे बारा आणे द्या."

मी नको म्हटलं. पुरा दीड रुपया देत राहिलो. दुकानात चेष्टा चालायची, "रायर मेलेल्या बायकोचं भाडं भरतात." भरतो म्हटलं. अय्यरला मी ओळखून होतो. भाडं अर्धं केलं की उद्या जागाही अर्धी. आणि ती खोली मला सोडायची नव्हती. आमचा सगळा संसार तिथंच झाला.

सहा महिन्यांनी भटजीनं शांती करून दार उघडलं. अय्यर एका कारकुनाला बरोबर घेऊनच आला.

"एकट्याला एवढी जागा कशाला, रायरे? ही खोली ह्यांना देऊ."

"माझा एक तरी महिना चुकलाय?"

अय्यरनं भटजीकडं पाहिलं. भटजी आपलं सामान गुंडाळत होता. मग अय्यर कारकुनाला म्हणाला, "चला, पुढच्या गल्लीत एक बघू."

ते गेल्यावर मी खोली झाडली. कोळिष्टकं फार झाली होती. झाडून झालं आणि आत बसलो. बोलायला कुणी नव्हतं.