खिडकीजवळचा लंगडा माग

मला गाणं सरळ लागतं. निघालं की फिरून समेवर यावं, टाळ धरणाऱ्याची फजिती करू नये, एवढीच माझी अपेक्षा. दर गुरुवारी भजनात मी टाळ वाजवायचो आणि कुणाचा ठेका केसभर हलला तरी माझं डोकं उठायचं. त्यात धंदाही तसाच. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत मी सोलापुरात चादरींच्या एका कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. आठ माग खडखडत असताना डोळे मिटून सांगायचो, तिसऱ्याचा धोटा अडतोय. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आदल्या वर्षी आमची कमळाची नक्षी दिवाळीआधीच दुसऱ्या कारखान्याच्या चादरीवर झळकली. तेव्हापासून शेठ कुणावर विश्वास ठेवीनात. या वर्षी मोराची नक्षी होती. मला बोलावून त्यांनी बजावलं, की ही बाहेर गेली तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नकोस. घरात खाणारी पाच तोंडं. मला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस चोर दिसू लागला.

अशात कारखान्याच्या मागच्या खिडकीखाली तो मास्तर दिसला. अक्कलकोटकडचा, शाळेत गाणं शिकवायचा, शेजारच्या बोळात खोली घेऊन राहायचा. रोज चारच्या सुमाराला सायकल भिंतीला टेकवायची, दहा-पंधरा मिनिटं उभं राहायचं, वहीत काहीतरी खरडायचं आणि निघून जायचं. गणपतीत मी त्याचं गाणं ऐकलं होतं. सम कुठे आहे तेच कळेना. अर्धी माणसं चहाला उठली, त्यात मी पहिला. ज्याला ठेका धरता येत नाही तो कसला गाण्याचा मास्तर? हे सोंग असणार, अशी माझी खात्रीच झाली.

एके दिवशी मागून जाऊन मी त्याची वही हिसकावली. आत चौकटी आखलेल्या, कुठे फुली, कुठे रिकामी. आम्हीही नक्षी अशीच उतरवतो. फुली असेल तिथे मागाच्या कार्डाला भोक पाडायचं, रिकामं असेल तिथे सोडायचं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"नक्षी न्हाय ओ ती, ठेका हाय," तो म्हणाला. "ह्या खिडकीजवळच्या मागाचा."

मला शिकवू नका म्हणून मी त्याला सुनावलं आणि वही शेठना नेऊन दिली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली. मग आम्ही दोघांनी मिळून एक अक्कल लढवली. वहीवरून कार्डं पाडायची, मागावर चढवायची आणि वीतभर विणून बघायचं. चोरलं असेल ते कापडावर आपोआप दिसेल.

रविवारी मी एकटाच कार्डं पाडायला बसलो. भोक, भोक, सोड, भोक, असं तोंडाने म्हणत. तिसऱ्या ओळीला माझा पाय हलायला लागला. प्रत्येक ओळीत अकरा चौकटी, म्हणजे अकरा मात्रा. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. खिडकीजवळच्या मागाचा चामडी पट्टा झिजला होता, त्यामुळे नवा पट्टा येईपर्यंत महिनाभर तो उजवीकडे लवकर आणि डावीकडे उशिरा ठोकत होता. मला त्याची लाज वाटायची. दोनच दिवसांपूर्वी मी पट्टा बदलला होता. तेच लंगडणं इथे ओळीओळीने मांडलेलं होतं आणि ते समेवर येत होतं, फक्त मागच्या दाराने.

विणल्यावर मोर निघाला नाही, नुसते विस्कटलेले ठिपके. शेठ म्हणाले, ही खुणेची भाषा असेल, नजर ठेव त्याच्यावर. मी मान हलवली आणि वही परत द्यायला गेलो.

मास्तरने वही पुसली. चार दिवस त्या मागाचा लंगडा आवाज का येत नाही, असं विचारलं. माग दुरुस्त केला म्हटल्यावर त्याने वहीतलं अर्धं कोरं पान उघडून दाखवलं.

"निम्मीच झाली हुती की चीज," तो म्हणाला.

होती तेवढी बंदिश त्याने मांडीवर ठेका धरून म्हणून दाखवली. दोनदा माझी सम चुकली. तिसऱ्यांदा बरोबर पकडली आणि अंगावर काटा आला. आवडलं मला. या वयात आपला कान दुसऱ्याने पिरगळावा आणि ते आवडावं, याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी त्या मागाचा पट्टा हाताने सैल केला. चांगला चाललेला माग बिघडवायची आयुष्यातली ती पहिली वेळ. तो खिडकीखाली लिहीत होता आणि मी दारावर डोळा ठेवून होतो. तरी शेठ आलेच. त्यांनी कान दिला, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पट्टा सैल पडलाय," मी म्हणालो. "उद्या बघतो."

"उद्या का?" त्यांनी विचारलं. मी पान्हा उचलून दुसऱ्या मागाकडे वळलो.

मास्तरची चीज त्या आठवड्यात पुरी झाली. मोराची नक्षी फुटली नाही, दिवाळीला चादरी चांगल्या खपल्या, माझी नोकरीही राहिली. पण पुढे जेवढी वर्षं मी तिथे काम केलं, तेवढी वर्षं संध्याकाळी घरी निघताना शेठ माझी पिशवी उघडून बघायचे.