आप्पांनी गुंडाळलेली कॉईल

मी तोंडाचा फटकळ, हे बेळगावातलं माझं अख्खं ऑफिस सांगेल. पण त्या रविवारी बोललो ते आठवलं की अजून मान खाली जाते.

रेडिओ बनवायचा नाद मला चाळिशीनंतर लागला. लॅपटॉपवर सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर शिकलो. पडद्यावर सर्किट काढायचं, बटण दाबायचं, की सोल्डरिंग न करता लहरी हजर! दोन महिन्यांत मला वाटायला लागलं, आपल्याला सगळं कळतं.

हिंडलग्यात आमच्या शेजारी आप्पा राहतात. हयातभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. बिनबॅटरीच्या साध्या रेडिओसाठी मी त्यांच्याकडून कॉईल गुंडाळून घेतली. पाईपच्या तुकड्यावर तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटून. दोन दिवस बसले होते. माझं सर्किट बघून म्हणाले, "ह्यो डायोड चालायचा न्हाय रं. जुना जर्मेनियमचा घाल."

"आप्पा, कम्प्युटरवर चाललंय की!" मी हसून उडवून लावलं.

रविवारी सकाळी त्यांच्याच अंगणात जोडाजोड केली. माडाला एरियलची तार बांधली. त्यांची सून चहा घेऊन आली, दोन शेजारी जमले. इयरफोन कानाला लावला तर आवाजाचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं.

"आप्पा, कॉईल बिघडवलीसा. हात लई कापत्यात आता तुमचे. तुमच्यानं व्हायचं न्हाय हे."

सगळ्यांदेखत! आप्पांनी कॉईल उलटसुलट करून पाहिली. "आसंल बाबा," म्हणाले. सून कप उचलून आत गेली.

आठवडाभर मी घुश्शातच होतो. मग तेच सर्किट पुन्हा पडद्यावर उघडलं आणि एरियलवर येणाऱ्या सिग्नलसाठी मी घातलेला आकडा पहिल्यांदा नीट वाचला. एक व्होल्ट! खऱ्या तारेवर त्याचा हजारावा भाग आला तरी नशीब. आकडा कमी केला आणि लहर आडवी झाली. एवढ्याशा सिग्नलला माझा डायोड दादच देत नव्हता. जुन्या बाजारातून मोडका रेडिओ आणला, त्यातला जर्मेनियमचा डायोड काढून आप्पांच्याच कॉईलला जोडला. धारवाडच्या कन्नड बातम्या, बारीक पण स्वच्छ. आनंद कसला, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तसाच सगळं उचलून आप्पांकडे गेलो, तार पुन्हा माडाला बांधली. कान धरले. "चूक माझी होती आप्पा. कॉईल एक नंबर झालीया."

त्यांनी इयरफोन लावून ऐकलं. "व्हय की, धारवाडच," म्हणाले आणि हसले. मला जरा धीर आला. म्हटलं, आता दुसरी कॉईल गुंडाळा, मोठा रेडिओ करू.

"न्हाय रं. हत्यारं, तारा, समदं भंगारवाल्याला दिलं. दुसऱ्या दिवशीच."

"आप्पा, का वो?"

"तू शिकलेला मानूस. कम्प्युटर बघून बोललास, मला खरंच वाटलं."